घाटाला सिमेंट नको, चुना हवा

संपादक महोदय,

पूर ओसरला की पंचगंगा, कृष्णा, वारणाकाठच्या गावांत दुरुस्त्यांची घाई उडते. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर ती जास्तच दिसली. नदीकाठच्या खासगी मळ्यांत जुने घाट, पायविहिरी, पांढऱ्या मातीचे वाडे, बांधावरचे वीरगळ आहेत. मालक हौसेने पदरचे पैसे घालतात, पण ते जातात सिमेंटमध्ये, आणि या बांधकामाचा घात तिथेच होतो.

घाटाचा दर्शनी दगड घडीव, काळा. त्याच्यामागे गोटे आणि चुन्याची भर. पुरात ही भर पाण्याने गच्च होते. नदी झपाट्याने उतरते, आतले पाणी मात्र सावकाश. त्याला बाहेर पडायला वाट असते ती सांध्यांची. सांधे सिमेंटने बुजवले की पाण्याचा रेटा दगडांवर येतो, भिंत पोट काढते आणि पुढच्या एखाद्या पुरात थरच्या थर निखळतो. मग म्हणायचे, पुराने घाट नेला! पांढऱ्या मातीच्या भिंतीचेही तेच. वरून सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, माती लोण्यासारखी होते आणि बाहेरून धडधाकट दिसणारी भिंत बसते. अशी भिंत एक उन्हाळा उघडीच वाळू द्यावी.

सांधे भरायचे ते चुन्याने. चुनकळी (भाजलेल्या चुन्याचे खडे) पाण्यात विरवून किमान तीन-चार आठवडे झाकून मुरवावी. एक भाग चुना, एक भाग सुरखी (भाजक्या विटेची भुकटी), दोन भाग चाळलेली वाळू. पाण्याशी संबंध येणाऱ्या कामात सुरखी टाळू नये. चुना ओलाव्यात धरतो तो तिच्यामुळे. सांधा छिन्नीने इंचभर मोकळा करावा, ग्राइंडर लावू नये, दगडाच्या कडा उडतात. भरण्याआधी सांधा भिजवावा आणि नंतर आठ-दहा दिवस ओल्या पोत्यांखाली ठेवावा. पाणी जाण्याची जुनी भोके असतील तर ती मोकळीच राहू द्यावीत. मे महिन्यातल्या उन्हात चुना धरण्याआधीच सुकतो आणि हाताने चोळला तरी पीठ होतो. हे काम दिवाळीनंतरचे.

सांध्यातले पिंपळाचे रोप कोवळे असेपर्यंतच काढावे. मूळ आत शिरल्यावर हिसडले तर दगड हलतो. त्यापेक्षा दर फुटव्याला कापत राहावे. नदीकाठी तणनाशक ओतू नये. बुंधा मनगटाएवढा झाला असेल तर दगडांना गेरूने क्रमांक घालून, फोटो काढून ते उतरवावेत आणि मूळ काढून त्याच जागी पुन्हा बसवावेत.

काठ धरून ठेवतात ती उंबर, करंज, वाळुंजाची मुळे. उसाच्या दोन सऱ्या वाढवण्यासाठी ही झाडे तोडणे म्हणजे पुढच्या पुरात चार सऱ्या नदीला देणे. काठ ढासळला असेल तिथे वाळुंजाच्या अंगठ्याएवढ्या जाड, तीन-चार फुटी फांद्या पानगळीत दोन तृतीयांश जमिनीत रोवाव्यात. ओल असेल तर सहज फुटतात.

शेतातल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेच्या, टेकाडाला तर जेसीबी लावूच नये. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या असल्याच पांढरीत १९४५-४६ च्या उत्खननात सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली, आणि तिथलीच ग्रीक समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती आज टाऊन हॉल संग्रहालयात आहे. वीरगळ उघडे पडले तर ऑइल पेंट किंवा ॲसिड लावू नये, साधे पाणी आणि काथ्याचा ब्रश पुरे. नाणी सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावेच लागते. १८७८ चा गुप्तनिधी कायदा आजही लागू आहे. आणि खिद्रापूरच्या कोपेश्वरसारख्या केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरच्या आत नवे बांधकाम चालत नाही, पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. तिथे जागा घेण्याआधीच ही चौकशी करावी.

ग्रामपंचायतींनी घाटदुरुस्तीच्या अंदाजपत्रकात चुन्याच्या कामाला स्वतंत्र बाब ठेवावी आणि मोजमाप पाणी उतरताच घ्यावे. मंजुरी मार्चअखेर आली तर चुन्याचा हंगाम हातचा गेलेला असतो.

– जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीत काम करणारे काही वाचक, कोल्हापूर