बाबांचा रेम्ब्रांट

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी इथल्या, बॉस्टनच्या, इझाबेला स्टुअर्ट गार्डनर म्युझियममध्ये जाऊन आले. आईला फोनवर थोडं सांगितलं, पण बाबांना हे फोनवर सांगावंसं वाटेना. म्हणून पत्र.

बाबा, पुठ्ठ्यावर खळीनं चिकटवलेलं, डच चित्रकार रेम्ब्रांटचं वादळातल्या होडीचं छापील चित्र आठवतं ना? दरवर्षी एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या मुलांपुढे ते धरून तुम्ही विचारायचात, "उजेड कुठून येतोय?" मीही त्या वर्गात बसलेय. होडीत चौदा जण, त्यातला एक डोक्यावरची टोपी धरून थेट आपल्याकडे बघतो. तो खुद्द रेम्ब्रांट असं मानतात, हे तुम्हीच सांगितलं होतं. १६३३ मधलं हे चित्र. रेम्ब्रांटनं समुद्र रंगवलेलं हे एकच चित्र आपल्याला माहीत आहे, आणि मूळ चित्र याच म्युझियममध्ये होतं.

होतं. १८ मार्च १९९० ला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, पोलिसांच्या वेषातल्या दोघांनी पहारेकऱ्यांना तळघरात बांधलं आणि तेरा वस्तू नेल्या. होडीचं कॅनव्हास चौकटीतून कापून काढलं. व्हर्मीर या दुसऱ्या डच चित्रकाराचं 'द कॉन्सर्ट'ही गेलं. एक कोटी डॉलरचं बक्षीस लावलंय, पण आजवर त्यातलं काहीच परत आलेलं नाही.

चौकट मात्र भिंतीवर आहे. सोनेरी, जड, आणि आत नुसतं भिंतीवरचं हिरवं कापड. मला हे आधी वाचून माहीत होतं, तरी समोर उभं राहिल्यावर घसा दाटून आला. तुमचा पुठ्ठाच डोळ्यांपुढे आला, त्याचा दुमडलेला कोपरासुद्धा.

ती चौकट अजून तिथे का, तर हे म्युझियम उभारणाऱ्या इझाबेला गार्डनर बाईंच्या मृत्युपत्रामुळे, असं बरेच जण सांगतात. माझ्यानंतर मांडणी कायमची बदलली, तर सगळं विकून पैसे हार्वर्ड विद्यापीठाला द्या, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. बाईंचा एकुलता एक मुलगा दोन वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा न्यूमोनियानं गेला. १८९८ मध्ये नवराही गेला. दोघांनी मिळून ठरवलेलं हे घर मग त्यांनी एकटीनं उभं केलं, १९०३ मध्ये लोकांसाठी उघडलं आणि १९२४ मध्ये जाईपर्यंत वरच्या चौथ्या मजल्यावर स्वतः राहिल्या. कुठली खुर्ची कुठल्या चित्राखाली, हेही त्यांनीच ठरवलेलं. बहुतेक चित्रांशेजारी नावाची पाटी नाही. "आधी बघ, मग वाच" हे तुमचं वाक्य तिथे पाळावंच लागतं.

पण बाबा, मुख्य गोष्ट पुढेच आहे. त्याच खोलीत रेम्ब्रांटनं तेविसाव्या वर्षी, १६२९ मध्ये, स्वतःचं काढलेलं चित्र आहे. त्या रात्री चोरांनी तेही भिंतीवरून उतरवलं होतं, पण नेलं नाही. एका कपाटाला टेकवलेलं सापडलं. लाकडी फळीवरचं आहे, कापून गुंडाळता येणारं नाही. डोक्याला पीस लावलेली टोपी, चेहरा कोवळा. मी जवळ गेले आणि तुमच्या आवाजात स्वतःला विचारलं, उजेड कुठून येतोय? तुम्ही तीस वर्षं छापील चित्रांवरून शिकवलंत, अस्सल एकही बघितलं नाहीत, आणि तरी तुम्ही दाखवलंत तिथेच माझी नजर गेली. मी तिथे चाळीस मिनिटं उभी होते.

आई, तुझ्यासाठी दोन गोष्टी. तिशियन नावाच्या इटालियन चित्रकाराचं एक भलंमोठं चित्र वर तिसऱ्या मजल्यावर आहे, स्पेनच्या राजासाठी काढलेलं. त्याच्या खाली भिंतीवर बाईंनी स्वतःच्या जुन्या पोशाखाचं रेशमी कापड लावलंय. आजीचं नऊवारी गोधडीला वरून लावताना तू कसा हात फिरवला होतास, ते आठवलं. दुसरं म्हणजे मधला चौक. चारी बाजूंनी व्हेनिसच्या वाड्यांसारखे सज्जे, वर काचेचं छप्पर, खाली झाडं. बाहेर बर्फ होतं आणि आत ओल्या मातीचा वास! एप्रिलच्या सुमारास सज्ज्यांवरून नस्टर्शियमच्या वेली सोडतात, वीस-वीस फूट लांब, नारिंगी फुलांच्या. जेमतेम तीन आठवडे असतात.

म्हणून सांगते, एप्रिलमध्ये या. बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन तुम्ही दोन वर्षं पुढे ढकलताय. डावा डोळा तरी दिवाळीच्या आत करून घ्या, म्हणजे जानेवारीत व्हिसाचं बघता येईल. तिकिटांचं मी बघते. तुम्हाला त्या तेवीस वर्षांच्या पोरासमोर उभं करायचंय. खोलीत उजेड बेताचाच असतो, डोळा स्वच्छ हवा.

पुठ्ठ्यावरचं चित्र माळ्यावर असेल तर खाली काढून ठेवा. येताना बॅगेत सपाट घालून आणा.

तुमची,
छकुली