प्रेशर पंप बदलण्याआधी पाण्याची वाट शोधा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वरच्या मजल्यावरचे फ्लॅट आणि बंगले यांमध्ये प्रेशर पंप आता सर्रास दिसतो. शॉवरपासून गच्चीवरच्या टाकीचा तळ जेमतेम तीन मीटर उंच असेल, तर नळाला दाब मिळतो तो जेमतेम ०.३ किलोचा (किलो म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला एक किलोचा दाब; दहा मीटर उंचीला एक किलो, हा साधा हिशेब). तेव्हा पंपाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. तक्रार आहे ती घरातला एकही नळ उघडा नसताना रात्री दोन वाजता पंप घुर्र करून सुरू झाला की जे उपाय होतात, त्यांच्याबद्दल. आधी प्रेशर स्विच बदलला जातो, मग कंट्रोलर, आणि ग्राहक फारच वैतागला की अख्खा पंप. दुखणे मात्र जागच्या जागी राहते.

बंद लाइनमधला दाब ठरावीक आकड्याखाली उतरला की स्विच पंपाला हाक मारतो, एवढेच त्याचे काम. दाब उतरला याचा अर्थ, बहुतेक वेळा, लाइनमधले पाणी कुठून तरी निसटले. ते बाहेर गळत असेल किंवा गुपचूप टाकीत परत जात असेल. हे दोन प्रकार वेगळे ओळखता आले की अर्धे काम झाले.

ओळखायला एक बॉल व्हॉल्व्ह आणि एक प्रेशर गेज लागतो. जोडणीचा क्रम असा हवा: पंप, एनआरव्ही (पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह), मग स्विच, गेज आणि हवेची टाकी (आतल्या हवेच्या दाबावर थोडे पाणी साठवून ठेवणारी), त्यानंतर बॉल व्हॉल्व्ह आणि पुढे घर. पंप दाब भरून थांबला की हा व्हॉल्व्ह बंद करावा आणि अर्धा तास काटा पाहावा. काटा हलला नाही तर पाणी घराच्या बाजूला जाते आहे. व्हॉल्व्ह बंद असूनही काटा उतरला, आणि सांधे कोरडे आहेत, तर एनआरव्ही पाणी मागे सोडतो आहे. त्याच्या बैठकीत वाळूचा कण किंवा टेफ्लॉन टेपचा धागा अडकलेला पुष्कळदा सापडतो. खोलून धुतला की काम भागते. रबर कडक झाले असेल तर बदलावा, आणि बसवताना अंगावरचा बाण घराच्या दिशेने आहे ना, ते पाहावे.

किती पाणी जाते याचाही अंदाज घरबसल्या येतो. २४ लिटरची हवेची टाकी, स्विच २० पौंडाला सुरू आणि ४० पौंडाला बंद (गेजवर १.४ आणि २.८ किलो), टाकीत हवा १८ पौंड, अशी नेहमीची मांडणी असेल, तर पंप थांबल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत टाकी सुमारे आठ लिटर पाणी देते. पंप दर अर्ध्या तासाने सुरू होत असेल तर तासाला १६ लिटर, म्हणजे दिवसाला पावणेचारशे लिटरहून जास्त पाणी जाते आहे. सेकंदाला एक थेंब टाकणारा नळ दिवसभरात चार-साडेचार लिटरच सांडतो. आठ लिटर संपायला त्याला जवळजवळ दोन दिवस लागतील. म्हणजे हवेची टाकी ठणठणीत असूनही पंप अर्ध्या तासाने बोलत असेल, तर नळाचे वॉशर बदलत बसू नये. ज्या घरात हवेची टाकी नाही, नुसता इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आहे, तिथे हिशेब उलटा. पाणी दाबले जात नाही, साठा असा काही नसतोच, त्यामुळे चार थेंब गेले तरी दाब दीड किलोच्या खाली येतो आणि पंप धडकतो. तिथे ठिबकणारा नळसुद्धा गुन्हेगार असू शकतो.

घराच्या बाजूला पहिला संशय फ्लशवर घ्यावा. टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश करू नये. भांड्यात रंग उतरला तर तळाचे रबर गेले. रंग उतरला नाही तरी वर वाकून पाहावे. रात्री दाब चढा असताना बॉलकॉक नीट मिटत नाही आणि पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून सुरसुरत राहते, ते वरून ऐकूही येत नाही. भिंतीतल्या टाकीला रंग टाकणे अवघड. तिथे भांड्याची मागची बाजू पुसून कोरडी करावी आणि टिश्यूचा तुकडा चिकटवावा. गळती असेल तर कागदावर ओली रेघ उमटते. आरओ यंत्राची टाकी भरल्यावरही सांडपाण्याची नळी वाहते का, हेही एकदा बघून घ्यावे.

आता ज्यात पाण्याचा एक थेंबही बाहेर दिसत नाही, अशा जागा. वीज गेल्यावरही पाणी यावे म्हणून पंपाला वळसा घालून बायपास लाइन दिलेली असते आणि तिच्यावर बहुधा पितळी गेट व्हॉल्व्ह असतो. बोअरच्या क्षारांनी त्याची खाच भरली की चाक शेवटपर्यंत फिरवूनही गेट पुरते टेकत नाही. मग पंपाने ढकललेले पाणी बायपासमधून उलटे टाकीत जाते. भिंतीला ओल नाही, टाकी रिकामी होत नाही. वाढते ते फक्त वीजबिल. तिथे बॉल व्हॉल्व्ह आणि एनआरव्ही लावावा. एनआरव्ही असला की वीज गेल्यावर व्हॉल्व्हला हात न लावताही पाणी येते.

दुसरी जागा बाथरूममधला गरम-थंड पाण्याचा मिक्सर नळ, आणि सोलर असलेल्या घरांत ही फारच फसवी आहे. पंप फक्त थंड लाइनवर असतो, सोलरचे गरम पाणी नुसत्या उताराने येते. मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे ठेवून हँड शॉवर त्याच्या बटणाने बंद केला, की मिक्सरच्या पोटात दोन्ही लाइनी एकमेकींना जोडल्या जातात. थंड पाण्याचा दाब जास्त, म्हणून ते गरम लाइनमध्ये शिरते आणि थेट सोलरच्या टाकीत चढते. खुणा दोन: सकाळी गरम नळाला बराच वेळ गार पाणी येते, आणि गच्चीवर सोलरच्या एअर व्हेंटमधून पाणी ठिबकते. प्लंबरला बोलावून सोलरची दुरुस्ती केली जाते, दोष मात्र बाथरूममध्ये असतो. खात्री करायची तर मिक्सरखालचा गरम पाण्याचा अँगल कॉक बंद करून एक रात्र काढावी. उपाय म्हणजे गरम लाइनवर पितळी एनआरव्ही, शिवाय वापर झाला की मिक्सरचे कॉकच बंद करायची सवय. पण एनआरव्ही लावल्यावर थंड पाणी जोरात आणि गरम मरतुकडे, ही कुरबूर उरते. ती घालवायची तर सोलरच्या पुढे, गरम पाणी सोसणारा वेगळा पंप हवा. काचेच्या नळ्यांच्या साध्या सोलर टाकीत मागून पंपाचा दाब सोडण्याचा शहाणपणा कोणी करू नये. ती टाकी दाबासाठी बनवलेलीच नसते, तिची सील निसटतात.

गीझरचा एक प्रकार तर गळतीशिवाय होतो. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर गेले की सुमारे २०० मिली फुगते आणि निवताना तेवढेच आकसते. हवेची टाकी नसलेल्या घरात हे आकसणेही पंप सुरू करायला पुरते. गीझरच्या आत येणाऱ्या पाण्याचा कॉक रात्री बंद ठेवून पाहिले की कळते. पण तो बंद असताना गीझर चालू करू नये.

पंप सुरू होऊन काही सेकंदांत थांबतो आणि लगेच पुन्हा सुरू होतो, असे असेल तर हवेच्या टाकीकडे वळावे. एमसीबी (पंपाच्या विजेचा खटका) पाडून, नळ उघडून लाइनमधला दाब पूर्ण उतरवावा. भरल्या टाकीवर मोजलेली हवा काहीच सांगत नाही. टाकीच्या डोक्यावर मोटारसायकलच्या ट्यूबला असतो तसा व्हॉल्व्ह असतो. त्याची पिन दाबल्यावर पाणी आले तर आतला रबरी फुगा फाटला, तो बदलावा लागेल. नुसती हवा आली तर टायरच्या गेजने मोजून, स्विच ज्या दाबाला सुरू होतो त्याच्या दोन पौंड कमी, इतकी हवा पायपंपाने भरावी. हवा पूर्ण गेलेली टाकी आठऐवजी पावणेचार लिटरच देते आणि फाटलेली जवळपास काहीच नाही. एवढ्याने भागले नाही तरच स्विच खोलावा, तोही वीज बंद करून, कारण आतल्या टर्मिनलवर २३० व्होल्ट असतात. स्विचखालच्या निपलचे बारीक भोक क्षाराने बुजते. ते टाचणीने मोकळे करावे. स्प्रिंगचे नट मात्र अंदाजाने पिळू नयेत. थांबण्याचा आकडा पंपाच्या ताकदीपलीकडे गेला, तर कमी व्होल्टेजच्या दिवशी पंप थांबणारच नाही.

रात्री एमसीबी पाडून झोपणे हा पुष्कळ घरांत रुळलेला उपाय. त्याने आवाज थांबतो, पण बायपास असेल तिथे फ्लशमधून जाणारे पाणी उताराने जातच राहते.

बिल्डर आणि सोसायट्यांकडे मागणे इतकेच: पंप बसवतानाच त्याच्यापुढे बॉल व्हॉल्व्ह आणि गेज लावून घ्यावा, बायपासवर आणि सोलरच्या लाइनवर एनआरव्ही द्यावा, हवेच्या टाकीवर किती पौंड हवा भरली ते तारखेसह मार्करने लिहावे आणि दर सहा महिन्यांनी मोजून त्याच्याखाली नवा आकडा टाकावा. या साऱ्या सामानाचा खर्च नव्या पंपापेक्षा कितीतरी कमी येतो, आणि पुढचा प्लंबर आला की त्याला अंधारात चाचपडावे लागत नाही.

आपला,
पाणीपुरवठ्याच्या कामातला एक वाचक, पुणे