काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरची सोनोग्राफी जिल्ह्यातच व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक काचबिंदू सप्ताहानिमित्त आपल्या दैनिकात आलेल्या मजकुरात हा विकार वेळेत ओळखण्यावर भर होता. देशात चाळिशीपुढच्या सुमारे 1 कोटी 12 लाख लोकांना काचबिंदू असावा, असा 2010 मध्ये मांडला गेलेला अंदाज आहे आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. तेव्हा तो भर रास्तच आहे. मात्र थेंबांच्या औषधांनी डोळ्यातला दाब आटोक्यात न आल्यामुळे ज्यांना शस्त्रक्रिया करून घ्यावी लागते, त्यांच्या पुढच्या काही आठवड्यांविषयी फारसे लिहिले जात नाही. तालुक्याच्या गावी नेत्ररोगतज्ज्ञ म्हणून काम करताना असे रुग्ण माझ्याकडे नेहमी येतात. शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईत झालेली असते आणि टाके ओले असतानाच रुग्ण एसटीने घरी परतलेला असतो.

या शस्त्रक्रियेत डोळ्यात साठणाऱ्या पाण्याला नवी वाट करून दिली जाते. 1968 मध्ये केर्न्स यांनी वर्णन केलेल्या ट्रॅबेक्युलेक्टमीमध्ये हे पाणी वरच्या पापणीखाली, पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाखाली झिरपते आणि तिथे एक लहानसा फुगवटा तयार होतो, त्याला ‘ब्लेब’ म्हणतात. काहींच्या डोळ्यात बारीक नळी बसवून ती मागच्या बाजूला शिवलेल्या चकतीशी जोडतात. मदुराईच्या ऑरोलॅबने तयार केलेल्या, आपल्याकडे बऱ्याच रुग्णांना परवडणाऱ्या अशा इम्प्लांटला झडप नसते, म्हणून त्याची नळी विरघळणाऱ्या धाग्याने बांधून ठेवतात. तो धागा साधारण पाच-सहा आठवड्यांनी सुटतो आणि दाब एकाएकी उतरू शकतो. नेमका तेव्हा रुग्ण गावी असतो.

त्या वेळी जवळच्या दवाखान्यात दाब मोजतात. आकडा 4 आला की रुग्णाला ‘दाब छान उतरला’ असे वाटते, 30 आला की ‘शस्त्रक्रिया फसली’ असे वाटते. प्रत्यक्षात आकडा एकटा फार थोडे सांगतो. दाब कमी असेल तर जखम गळत असेल, निचरा प्रमाणाबाहेर होत असेल, किंवा दृष्टिपटलामागचा (डोळ्याच्या आतल्या पडद्यामागचा) रक्तवाहिन्यांचा थर, म्हणजे कोरॉइड, खाली द्रव साठून उचलला गेला असेल. पारपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग) आणि बुबुळ यांमधली जागा आक्रसली असून दाब मात्र चढा असेल, तर पाणी उलट्या दिशेने मागे जाऊन साठत असेल किंवा आत रक्तस्राव झाला असेल. यांतल्या प्रत्येकाचा उपचार निराळा आहे. पारपटलाला सूज असली, मोतीबिंदू दाट असला किंवा डोळ्यात रक्त असले, तर विजेरीने किंवा भिंगाने मागचे काही दिसत नाही.

मागचे पाहण्याचे काम बी-स्कॅन, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी, करतो. रुग्णाने आडवे व्हायचे, बंद पापणीवर जेल लावायची, त्यावर प्रोब अलगद टेकवायचा आणि रुग्णाला वर, खाली, बाजूला पाहायला सांगायचे. सरावलेल्या हाताला पाच-दहा मिनिटे पुरतात. कोरॉइड उचलला गेला असेल, तर यंत्राच्या पडद्यावर दोन्ही बाजूंनी आत आलेले गुळगुळीत, जाडसर घुमट दिसतात आणि डोळ्याच्या हालचालीबरोबर ते फारसे हलत नाहीत. घुमटाखालची जागा काळी असेल तर आत पातळ द्रव आहे. बहुतेकदा स्टिरॉइड आणि अ‍ॅट्रोपीनच्या थेंबांनी तो ओसरतो. तीच जागा पांढुरक्या ठिपक्यांनी भरलेली असेल तर ते रक्त आहे. खोकला आला किंवा शौचाला कुंथावे लागले आणि एकदम तीव्र कळ उठली, अशी हकिगत अशा रुग्णाकडून बरेचदा ऐकायला मिळते. हे रक्त काढायचे झाले तर गुठळी विरघळेपर्यंत, म्हणजे साधारण 10 ते 14 दिवस, बहुधा थांबावे लागते आणि ती विरघळली का, हे पुन्हा स्कॅन करूनच कळते.

अहवालात ‘कोरॉइडल डिटॅचमेंट’ असे वाचून ‘पडदा सरकला’ म्हणून घाबरलेले रुग्ण मी पाहिले आहेत. दृष्टिपटल सुटणे ही निराळी गोष्ट आहे. स्कॅनमध्ये ते पातळ, हलणारे आणि सहसा डोळ्यामागच्या नसेशी (ऑप्टिक नर्व्हशी) जोडलेले दिसते. डॉक्टरांनी हा फरक दोन वाक्यांत सांगितला तरी नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो.

ब्लेबच्या आतली पोकळी किंवा बुबुळामागे गेलेले नळीचे टोक पाहायचे असेल तर अधिक कंप्रतेचे, सुमारे 50 मेगाहर्ट्झचे यूबीएम (अल्ट्रासाउंड बायोमायक्रोस्कोपी) हे सोनोग्राफीचे यंत्र लागते. ते मोठ्या केंद्रांत असते आणि तिथेच असणे ठीक आहे. त्याचा प्रोब किंवा पाण्याची वाटी उघड्या डोळ्याला लावावी लागते, त्यामुळे ताज्या जखमेवर ते घाईने करूही नये. बी-स्कॅन करतानाही दाब देता कामा नये आणि जखम गळते का, हे फ्लुओरेसिन या रंगद्रव्याच्या थेंबाने आधी पाहून घ्यावे.

माझी विनंती मर्यादित आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होतात तिथे भिंगाचा नंबर काढण्यासाठी ए-स्कॅन असतोच आणि बऱ्याच यंत्रांत बी-स्कॅनचीही सोय असते; ती एरवी पिकलेल्या मोतीबिंदूपुरतीच वापरली जाते. आरोग्य विभागाने प्रत्येक जिल्हा रुग्णालयातल्या नेत्रविभागात हे यंत्र चालू स्थितीत ठेवावे आणि नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांना ते हाताळण्याचे प्रशिक्षण द्यावे. शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांनी घरी जाण्याच्या कागदावर शस्त्रक्रियेचा प्रकार, इम्प्लांटचे नाव, नळी कुठे आहे, धागा कोणत्या सुमारास सुटेल आणि स्कॅन झाला असल्यास त्याचे चित्र, एवढे न चुकता द्यावे. ‘डोळ्याचे ऑपरेशन झाले, पंधरा दिवसांनी दाखवा’ एवढ्याच मजकुराचे कागद आजही आमच्या हाती येतात.

आपला विश्वासू,
एक नेत्ररोगतज्ज्ञ, जि. धाराशिव