पीएमटीवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. पर्वतीच्या पायऱ्यांवर नावं विचारायची पद्धतच नाही. काळ्या चष्म्याचे वकील, पाच फेऱ्यांच्या मावशी, तसे तुम्ही पीएमटीवाले काका, म्हणजे पुण्याच्या जुन्या सिटी बसचे कंडक्टर. तुमच्या लेखी मी बहुधा 'चाळिसाव्या पायरीला बसणारा'.

काल मी १०३ पायऱ्या न थांबता चढलो. वर पोचलो, सिंहगडाकडे बघत धापा टाकल्या, आणि सांगायला वळलो तर तुम्ही नाही. मग आठवलं, तुम्ही महिनाभर लेकीकडे नाशिकला गेलात. तुमच्याकडे साधा फोन, त्याचाही नंबर माझ्याकडे नाही. म्हणून हे असं उघड्यावर लिहितोय, कुणीतरी वाचून दाखवेल या आशेवर.

तुमच्याआधी मला बरेच जण भेटले होते. तीन महिन्यांची साखर ८.१ आली तेव्हा डॉक्टरांनी मान वर न करता 'नियमित व्यायाम' एवढं खरडून दिलं. किती, कुठला, पंचवीस वर्षं खुर्चीत बसलेल्या माणसाने सुरुवात कुठून करायची, ते माझं मी बघायचं. मग जिम. वर्षाचे पैसे आधी भरून घेतले आणि पहिल्याच दिवशी इतक्या बैठका मारायला लावल्या की पुढचे चार दिवस मी भिंतीला धरून संडासात बसत होतो. पाचव्या दिवशी गेलो तर ट्रेनर सगळ्यांदेखत म्हणाला, "काय सर, चार दिवसांत हवा गेली?" त्या दारात पुन्हा पाय ठेवला नाही. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण हसणारी ती आठ-दहा पोरं अजून डोळ्यांसमोर येतात.

तुम्ही पहिल्या दिवशी विचारलंत, "बोलता येतंय ना? मग चढा. वाक्य तुटलं की बसा." एवढंच शास्त्र. उतरताना घाई करायची नाही, मांड्या उतरतानाच भरतात. आणि दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखलं तर बिघडलं असं समजायचं नाही. हे जिमवाल्याने एका ओळीत सांगितलं असतं तर! तुम्ही पायऱ्यांचे स्टॉप पाडले होते. पंचवीस, चाळीस, साठ. बसलो की तुम्हीही बसायचात. दम परतला की तोंडाने 'टिंग टिंग' करून उठायचात. एक घंटी थांबायला, दोन निघायला. कंडक्टरची नोकरी संपली तरी सवय काही गेली नाही.

पण आभार त्याचे नाहीत. आभार दिवाळीनंतरच्या त्या सकाळचे आहेत.

मी २३ दिवस आलो नव्हतो. पाच दिवस ताप, उरलेले अठरा निव्वळ आळस, आणि त्यातलेही शेवटचे दहा लाजेचे. जितका उशीर तितकं जाणं अवघड. चोविसाव्या दिवशी निघालो तेव्हा रस्ताभर उत्तरं जुळवत होतो: व्हायरल होता, ऑफिसात ऑडिट होतं, पाहुणे होते. पायथ्याशी वकील भेटले. "काय हो, सोडलंत वाटतं?" पुण्यात दुसरं काय ऐकायला मिळणार! तिथूनच परत फिरणार होतो.

तुम्ही नेहमीच्या पायरीवर बसला होतात, शेजारी कापडी पिशवी. माझ्याकडे पाहिलंत, पिशवी उचलून मांडीवर घेतलीत आणि थोडे सरकलात. बस्स. कुठे होतात नाही, बारीक दिसताय नाही, सातत्य पाहिजे वगैरे तर नाहीच. माझी तिन्ही उत्तरं घशातच राहिली. जरा वेळाने 'टिंग टिंग' झालं. सुट्टीआधी मी साठपर्यंत न थांबता जायला लागलो होतो, पण त्या दिवशी तुम्ही पंचविसाव्या पायरीलाच बसलात, जणू तुमचेच पाय दुखत होते.

त्यानंतरही माझे खाडे झाले आहेत, एकदा सहा दिवसांचा, एकदा नऊ. पण परत यायची भीती गेली, आणि माझ्यापुरता व्यायाम सुरू झाला तो त्या दिवसापासून. माणसं मदत करतात तेव्हा पावतीही फाडतात, निदान एक टोमणा तरी हातावर ठेवतात. हिशोब न मागता जागा करून देणारे थोडे. आमच्या गल्लीतला वाणी तसा आहे, माझी एक आत्या तशी होती. तिसरं नाव आठवायला मला वेळ लागतो.

परवा तीन महिन्यांची साखर ७.० आली. गोळ्या चालूच आहेत, तेव्हा सगळं श्रेय तुम्हाला देत नाही.

नाशिकहून सावकाश या. लेकीने ठेवून घेतलं तर दोन महिने राहा. मीही हल्ली पिशवी आणतो, पाण्याची बाटली आणि पंचा घालून, आणि तुमच्या पायरीवर शेजारी ठेवतो. तुम्ही आलात की उचलून मांडीवर घेईन.

तुमचा,
चाळिसाव्या पायरीवाला