सूचना : रविवारचा बायबल अभ्यास, विषय ‘विपुल जीवन’

प्रिय बंधुभगिनींनो, प्रभूच्या नावात सलाम.

येत्या रविवारी उपासनेनंतर योहानाच्या शुभवर्तमानातल्या 10:10 वर (लोकांना विपुल जीवन मिळावं म्हणून मी आलो, असं येशू म्हणतो ते वचन) अभ्यास आहे. कृपया पूर्ण दहावा अध्याय वाचून या. मेंढपाळ आणि चोर यांचा संदर्भ सुटला की ‘विपुल’ म्हणजे पैसाअडका, असा सोयीचा अर्थ निघतो!

जोडीला फिलिप्पैकरांस पत्र 4:11-13. तेरावं वचन (मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करू शकतो, या अर्थाचं) आपण हौसेने भिंतीवर लावतो, पण प्रेषित पौलाने ते कैदेत असताना लिहिलं. त्याआधीच्या दोन वचनांत तो भूक आणि टंचाईतही समाधानी राहायला शिकल्याचं सांगतो. चर्चा मुख्यतः त्यावरच करू.

सध्या ज्यांना आयुष्य रिकामं वाटतंय, त्यांनी आवर्जून यावं. बोलायलाच हवं असं नाही.

पवित्र शास्त्र सोबत आणा. मोबाइलवरचंही चालेल, फक्त फोन सायलेंटवर ठेवा.