आठव्या नंबरचा दिवा

त्रिमूर्ती नगर, नागपूर
पोळ्यानंतरचा रविवार

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र असं चारचौघांत लिहितेय, त्याला कारण तुम्हीच. बाबांचे व्हिडिओ न अडकता चालते केलेत म्हणून घरी येऊन दोनदा आभार मानून पाहिले. पहिल्यांदा तुम्ही टोमॅटोचा भाव विचारलात, दुसऱ्यांदा काकूंना "चहा टाक" म्हणून हाक मारलीत. पैशांचं नाव काढलं तेव्हा तर चपला घालून बाहेर निघालात, स्वतःच्याच घरातून. म्हणून आता लेखी.

बाबांच्या 38 कॅसेटचं प्रकरण कॉलनीत बऱ्याच जणांना माहीत आहे. 1996 मध्ये त्यांनी हँडीकॅम घेतला आणि मग लग्नं, मुंजी, अंबाझरीच्या सहली, गच्चीवर वाळत घातलेले पापडसुद्धा सोडले नाहीत. ते गेल्यावर मी त्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायला घेतल्या. टेपला घाई चालत नाही. 90 मिनिटांची कॅसेट उतरायला 90 मिनिटंच घेते. दोन दिवाळ्या आणि एक उन्हाळा त्यात गेला. सगळं मिळून 200 जीबीच्या आसपास भरलं. मग मागच्या खोलीतल्या जुन्या लॅपटॉपवर जेलीफिन नावाचा फुकटातला मीडिया सर्व्हर टाकला आणि आईला हॉलमधल्या टीव्हीवर बाबांचं सगळं लावून दिलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते इतकं झकास चाललं की मी शाळेतल्या स्टाफरूममध्ये मिरवून आले.

एप्रिलमध्ये गाडी अडली. चित्र दोन मिनिटं चालायचं आणि मधात ते गोल गोल फिरणारं चक्र. आई म्हणायची, "हे बाबा परत थांबले." ते वाक्य ऐकवत नव्हतं. मी लॅपटॉपला दोष दिला, फाइल लहान करून पाहिल्या, शेवटी एका दुकानातून सहा अँटेनांचा महागडा राऊटर उचलून आणला. दुकानदार म्हणाला, ताई, गच्चीपर्यंत रेंज. मागच्या खोलीपर्यंतही धड आली नाही.

तुम्ही कैऱ्या द्यायला आला होतात. मी राऊटर उलटासुलटा करून पाहतेय हे बघून दारातूनच म्हणालात, "काऊन बाई, त्यानं काय बिघडवलं तुह्यं?" आणि दुसरा प्रश्न, जो मी आयुष्यात स्वतःला विचारला नसता: "कूलर कधी लावला?"

आमचा जंबो कूलर दरवर्षी मागच्या खोलीचं हॉलकडे उघडणारं दार अडवून बसतो. पत्र्याचं अंग, खाली पाण्यानं भरलेली टाकी. लॅपटॉप एका बाजूला, राऊटर आणि टीव्ही दुसऱ्या. "पत्रा सिग्नल परतवते, पाणी सिग्नल पिते. अन् तू त्याच्यामागून रेंज मागून राहिली." तुम्ही पाच मिनिटं कूलर बाजूला सरकवायला लावलात. टीव्ही चालला. पारा 45 च्या पुढे गेलेल्या नागपुरात मे महिन्यात कूलर हलवून बसणारा माणूस अजून जन्मायचा आहे, तेव्हा कूलर परत जागेवर गेला आणि तुम्ही म्हणालात, तार टाकू.

त्या सहा अँटेनांचं पुढे काय झालं ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. दुकानदार परत घेईना. तो डबा माळ्यावर आहे, आणि या वर्षी इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबत-पुतळ्यांची मिरवणूक निघाली तेव्हा मी खिडकीतून मनातल्या मनात त्याच्याच नावानं ओरडून घेतलं: घेऊन जा गे मारबत!

तार टाकायला भिंत फोडावी लागणार म्हणून माझ्या पोटात गोळा आला होता. तुम्ही सरळ सोफ्यामागे वाकलात आणि जुन्या फोनचं पांढरं रोझेट, म्हणजे भिंतीवरची जोडणीची डबी, उघडलंत. 1997 मध्ये टेलिफोन खात्यातून येऊन हॉलमधल्या फोनचं एक्स्टेंशन मागच्या खोलीत तुम्हीच दिलं होतं, हे आईलाच आठवत होतं, मला नाही. पाइप तसाच होता, आतली तार तशीच. तुम्ही त्या मेलेल्या तारेचं टोक कॅट-6 या नेटवर्कच्या केबलला चिकटपट्टीनं गुंडाळून बांधलंत, टोक निमुळतं केलंत, मला मागच्या खोलीत धाडलंत आणि ओरडलात, "ओढ, पण झटका देऊ नको." सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वीची तार हळूहळू बाहेर येत होती आणि तिच्या मागोमाग निळी केबल आत शिरत होती. एका वळणावर अडकली, तुम्ही इकडून थोडी मागे घेतली, परत सोडली. 14 मीटर. भिंतीचा एक पोपडासुद्धा पडला नाही.

खरं शिक्षण पुढे झालं. तारेच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवायची पक्कड, म्हणजे क्रिम्पर, माझ्या हातात दिलात. मी म्हटलं, काका, तुम्हीच करा ना. "माह्यं झालं करून तीस-पस्तीस वर्षं. तू कर." आठ तारा उलगडून, सरळ करून ओळीत लावायच्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. "संत्र्यापासून सुरुवात, आपल्याच गावचा रंग हाय, विसरशील कशी?" मी गणिताची मास्तरीण, क्रम पाठ करणं मला अवघड नव्हतं. अवघड होतं ते त्या आठही तारांची टोकं एका रेषेत कापून एका दमात कनेक्टरच्या तळाशी नेणं. तीन कनेक्टर वाया गेले. चौथा बसला. लॅपटॉपला इंटरनेट आलं, टीव्हीवर चित्र आलं, आईनं टाळ्या वाजवल्या.

तुम्ही मात्र लॅपटॉपच्या स्क्रीनकडे बघत होतात. जोडणीचा वेग 1000 दिसायला हवा तिथे 100 दिसत होता. मी हिशोब मांडला: बाबांच्या फाइलला सेकंदाला जेमतेम 8 मेगाबिट लागतात, 100 म्हणजे बारापट. चालतंय ना, राहू द्या. तुम्ही खिशातून तो छोटा टेस्टर काढलात, दोन्ही टोकं लावलीत. दिवे एकापाठोपाठ लागत गेले. एक, दोन, तीन... सात. आठवा लागला नाही. तपकिरी तार कनेक्टरच्या तोंडाशीच थांबली होती, तळापर्यंत पोचलीच नव्हती. 100 च्या वेगाला चारच तारा पुरतात, 1000 ला आठही लागतात. म्हणून दोन्हीकडच्या मशिनी आपसात ठरवून गपचूप खाली उतरल्या होत्या. कोणाला कळलंही नसतं.

"चालते म्हणून फॉल्ट सोडत नसते, बाई." तुम्ही स्वतः कात्री उचलून माझं ते चौथं, कौतुकाचं टोक छाटून टाकलंत. त्या क्षणी मला तुमचा फार राग आला होता, हे आता सांगून टाकते. पाचवं टोक पहिल्या झटक्यात बसलं.

मेलबर्नचं दुखणं वेगळं होतं. धाकट्या बहिणीला तिकडून हे सगळं बघायचं होतं. मी वाचून वाचून राऊटरमध्ये 8096 नंबरचं पोर्ट, म्हणजे बाहेरून सर्व्हरकडे यायचं दार, उघडलं, तीनदा. तिकडून काहीच दिसेना. इंटरनेटवाल्यांच्या कस्टमर केअरला फोन केले तर दर वेळी नवा माणूस, आणि दर वेळी "मॅडम, आमच्याकडून सगळं ओके आहे." तुम्ही राऊटरचं स्टेटस पान उघडायला लावलंत. तिथला आयपी पत्ता 100.78 नं सुरू होत होता. बाहेरची साइट मात्र माझा पत्ता भलताच दाखवत होती. तुम्ही हसलात.

"सरकारी ऑफिसातलं ईपीएबीएक्स, ते आतल्या फोनचं एक्स्चेंज, आठव. आतून शून्य दाबला की बाहेर कुठंही फोन लागते. बाहेरून थेट तुह्या टेबलावर लागते का? ऑपरेटर पाहिजे. यायनं आख्खी गल्ली एका नंबरामागे बसवली, अन् ऑपरेटर ठेवलाच नाही. तू आपला टेबलावरचा फोन पुसून चकाचक करून ठेवला, पण घंटी येणार कुठून?"

आख्खी गल्ली एका पत्त्यामागे बसवण्याच्या या पद्धतीचं नाव सीजीनॅट. हा शब्द मी त्याआधी दहा ठिकाणी वाचला होता. समजला तो त्या दिवशी. रात्री 2 चा 32 वा घात मी कागदावर मांडून पाहिला: 429 कोटी 49 लाख 67 हजार 296. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात एवढेच, आणि त्यांचं मधलं कोठार फेब्रुवारी 2011 मध्येच रिकामं झालं. पुढच्या वर्षी 100.64 ते 100.127 हा पट्टा अशा गल्ल्यांसाठी वेगळा काढून ठेवला गेला. माझा 78 बरोबर त्याच्या पोटात. म्हणजे मी खोटी नव्हते, कस्टमर केअरवाले त्यांच्या परीनं खरंच बोलत होते, आणि तरी काम होणार नव्हतं.

पोर्ट उघडं टाकल्याबद्दल जे बोलणं खाल्लं ते इथे लिहीत नाही. "पासवर्ड हाय" असं मी म्हणाले तर तुम्ही विचारलंत, कडी आहे म्हणून रात्रभर दार रस्त्याकडे सताड उघडं ठेवतेस का. ते तिन्ही नियम तुमच्यासमोर पुसले. मग दोन ठिकाणची यंत्रं खासगी वाटेनं जोडणारं टेलस्केल नावाचं ॲप टाकलं; ते नाव तुम्हालाही नातीनं सांगितलेलं, हे तुम्ही प्रामाणिकपणे कबूल केलंत. दोन्हीकडून बाहेर फोन लावायचा, मधात कोणीतरी ओळख करून द्यायची आणि बाजूला व्हायचं. पुढे दोघांचं बोलणं दोघांतच, कुलूपबंद. लॅपटॉपला मिळालेला नवा पत्ता परत 100 नंच सुरू झाला तेव्हा मी घाबरलेच. तो पट्टा उघड्या इंटरनेटवर कुठे वापरात नसतो, म्हणून यांनीही त्यातलेच पत्ते घेतले, एवढंच. धाकटीनं तिच्या टीव्हीत तेच ॲप टाकलं, आणि अर्ध्या तासात काम झालं.

काटोलच्या आत्याचं तेवढं नाटक झालं. तिचा फोन, तिचा डेटा, दुपारी जाणारं नेटवर्क. तिच्यासाठी चित्र लहान करून पाठवायचं तर लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा ओरडायचा. सेटिंगमध्ये ते काम प्रोसेसरमधल्या व्हिडिओच्या भागाकडे दिलं आणि तो गप्प झाला. लाइट गेल्यावर लॅपटॉप जगतो पण राऊटर मरतो, म्हणून 12 व्होल्टचा छोटा यूपीएसही तुम्हीच आणायला लावलात.

तर, परवाचं सांगायचं होतं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी संध्याकाळचे पाच. धाकटीकडे रात्रीचे साडेनऊ. आमच्या फाटकाशी पोरं लाकडी बैल घेऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला उभी, आई आतबाहेर करतेय, आणि टीव्हीवर 1997 चा तान्हा पोळा. धाकटी सहा वर्षांची, बैलाची चाकं तिरकी झालेली, आणि कॅमेऱ्यामागून बाबांचा आवाज: "थांब, बैलाचं तोंड इकडे कर." तिकडे मेलबर्नमध्ये तिच्या लेकीनं स्वतःचं खेळण्यातलं अस्वल उचलून टीव्हीकडे तोंड करून ठेवलं. फोनवर आम्ही तिघी कितीतरी वेळ काहीच बोललो नाही. चित्र एकदाही थांबलं नाही, काका. आई नुसती म्हणाली, "आज बाबा थांबले नाहीत," आणि वाटीत चणे घेऊन फाटकाकडे गेली.

बाकी, एक कॉपी घराबाहेर हवीच म्हणून ती दुसरी डिस्क तुमच्या कपाटात ठेवली आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती घ्यायला येईन, नवीन भरून संध्याकाळी परत आणीन. येताना तर्री-पोहे असतील. तेव्हा टोमॅटोचा भाव विचारायचा नाही.

आईचा तुम्हा दोघांना नमस्कार. काकूंना माझाही.

तुमची,
कोपऱ्यावरच्या घरातली मास्तरीण

ता. क. क्रिम्पर आणि टेस्टर अजून माझ्याकडेच आहेत. समोरच्यांच्या घरी तार टाकायची आहे, त्यांनी मला बोलावलंय. ते झालं की आणून देते.