उद्याच्या रात्रीचा आवाज

चि. रेवा हिस,
अनेक आशीर्वाद.

बँडची लीड सिंगर म्हणून तुझी निवड झाली आणि पुणे, पणजी, बेंगळुरू असे लागोपाठ तीन रात्री कार्यक्रम लागले, हे वाचून फार आनंद झाला. ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, त्याचे व्हिडिओ बघून तयारी चालली आहे म्हणतेस. जरूर बघ. पण तो कुठला वरचा सूर लावतो याच्याइतकंच कुठला सोडून देतो, तेही बघ. त्याची खरी हुशारी मला तिथे दिसते.

फारोख बलसारा हे त्याचं मूळ नाव. ५ सप्टेंबर १९४६ला झांझिबारमध्ये पारशी घरात जन्म, आणि शिक्षण आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. शाळेतल्या मुलांच्या ‘हेक्टिक्स’ बँडमध्ये तो होता, पण मुख्य गायक दुसराच मुलगा होता. फारोख पियानो वाजवायचा. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. गायकाच्या मागे बसून गाणं कसं उभं राहतं, ते तो आधी शिकला. १९६४मध्ये झांझिबारमधल्या क्रांतीमुळे कुटुंब लंडनजवळ फेल्टमला गेलं, पुढे त्याने ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइन शिकून घेतलं, आणि १९७०मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्याबरोबर ‘क्वीन’ सुरू झाला. जॉन डीकन १९७१मध्ये आला. बँडचं राजचिन्हसुद्धा फ्रेडीनेच काढलं, चौघांच्या राशींवरून: दोन सिंह, एक खेकडा आणि कन्या राशीच्या दोन पऱ्या.

आता ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ घे. १९७५चं गाणं, लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद, सुरुवात काळी पाच पट्टीत. मधल्या ऑपेराच्या भागात फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर या तिघांचे आवाज २४ ट्रॅकच्या टेपवर थरावर थर चढवून कोरस उभा केलाय, आणि त्यातला सगळ्यात उंच, टोकाचा सूर फ्रेडीचा नाही, ड्रमर रॉजर टेलरचा आहे. मंचावर हा भाग चौघांना गाणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी काय केलं? त्या भागापुरते ते मंचावरून आत जायचे, टेप वाजायची, आणि रॉकचा तुकडा सुरू होताना परत यायचे. १३ जुलै १९८५ला लंडनच्या वेम्बलीत ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या कार्यक्रमाच्या वेळी साधारण वीसच मिनिटं मिळाली होती, तिथे तर ऑपेरा पूर्ण वगळला. बाकीच्या गाण्यांतही रेकॉर्डवरची वरची ओळ फ्रेडी मंचावर बऱ्याचदा खालून घ्यायचा. लोकांना कमी पडलंय असं कधी वाटलं नाही, कारण शब्द आणि लय कुठे ढळत नव्हती.

हे तो हौसेने करत नव्हता. त्याच्या स्वरतंतूंवर गाठी होत्या, सिगारेट होती, आणि दौरे लांबलचक. मध्य सप्तकातली पांढरी सहा म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं; तितक्या वेळा दोन स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. जोर लावून गायलं की आपटणं वाढतं, कडांना सूज येते, सुजलेल्या कडा नीट मिटत नाहीत, हवा निसटते, म्हणून माणूस आणखी जोर लावतो. गाठी अशाच होतात. २०१६मध्ये संशोधकांनी त्याच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला तेव्हा त्याच्या मुलाखतींतला बोलण्याचा आवाज साधारण ११७ हर्ट्झ निघाला, म्हणजे बॅरिटोनचा, पुरुषांच्या मधल्या-खालच्या पट्टीतला. तारस्वरात गाजलेला माणूस बोलायचा खालच्या पट्टीत. तू उत्साहात वरच्या पट्टीत बोलतेस, ती सवय आधी मोडायला हवी.

रिहर्सलआधी रोज पंधरा मिनिटं ठेव. पेल्यात पाणी घे, स्ट्रॉचं टोक दोन-तीन सेंटिमीटर बुडव आणि बुडबुडे काढत हलक्या आवाजात खालून वर, वरून खाली मींड घे. पाण्याच्या उलट दाबामुळे तंतू कमी जोराने आपटतात. मग ‘म’ वर गुणगुण, मग सरगम, आणि वरची पट्टी शेवटी. कार्यक्रमानंतरही पाच मिनिटं हेच, उतरत्या क्रमाने. बहुतेकांचा आवाज मंचावर नाही, नंतर बसतो: हॉलबाहेर गाणी वाजत असतात आणि त्यावर ओरडून गप्पा चालतात. तिथून निघ. आवाज बसलाच तर कुजबुजू नकोस, त्यानेही ताण पडतो, गप्प राहा. दोन-तीन आठवड्यांत खरखर गेली नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन दुर्बिणीने स्वरतंतू बघून घ्यायचे. गोळ्या चघळत दिवस काढू नकोस.

माइकचं आता नीट वाच. जाळी मुठीत धरून गाणं दिसायला झोकदार, पण त्याने माइकची दिशा बिघडते: मागून येणारा आवाजही तो उचलायला लागतो आणि शिट्टी सुरू होते. दांडा धर, जाळी मोकळी ठेव. कार्डिऑइड माइक (समोरचा आवाज उचलणारा, मागचा टाळणारा) असेल तर मॉनिटर, म्हणजे तुला तुझा आवाज ऐकवणारा मंचावरचा स्पीकर, तुझ्या अगदी समोर, माइकच्या शेपटीकडे. सुपरकार्डिऑइड (त्याहून अरुंद कोनात ऐकणारा) असेल तर थोडा बाजूला, कारण त्याची बहिरी जागा तिरकी असते. मऊ ओळीला ओठ जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, तार सुराला वीतभर लांब. फार जवळ गेलीस तर खर्ज फुगतो आणि ‘प’, ‘भ’ फुटतात. फ्रेडीची ती अर्धी काठी तर अपघाताने आली. सुरुवातीच्या एका कार्यक्रमात स्टँडचा जड तळ निसटला, त्याने उरलेली काठी तशीच वापरली आणि पुढे तीच ठेवली.

साउंडचेकला मॉनिटरमध्ये आधी स्वतःचा आवाज माग, मग पट्टी सांगणारं एक वाद्य, बाकीचं नंतर. स्वतःला ऐकू आलं नाही की माणूस नकळत ओरडतो, आणि तिसऱ्या रात्रीचा आवाज पहिल्याच रात्री संपतो. कानही जप: १०० डेसिबलला सुरक्षित वेळ फक्त पंधरा मिनिटांची असते, आणि ड्रमशेजारी तेवढा आवाज सहज होतो. वादकांचे इअरप्लग घे, कापूस चालणार नाही.

पैशांचं आत्ताच बोलून घ्या. क्वीनमध्ये आधी ज्याने लिहिलं त्याच्या नावावर गाणं असायचं. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या तबकडीच्या मागच्या बाजूला रॉजर टेलरचं गाणं होतं, तबकडी एकच, त्यामुळे जितकी ती विकली तितकी रॉयल्टी मागच्या गाण्यालाही. यावरून धुसफूस झाली. १९८९च्या अल्बमपासून त्यांनी सगळी गाणी चौघांच्या नावावर लावली. तुम्ही शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग, तिन्हींची टक्केवारी कागदावर लिहून सह्या करा. आपल्या कायद्यात २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क सहजासहजी लिहून घेता येत नाही, पण नावच नसेल तर हक्क सांगणार कशाचा?

फ्रेडी शेवटचा मंचावर क्वीनबरोबर उभा राहिला ९ ऑगस्ट १९८६ला, इंग्लंडमधल्या नेबवर्थला. पुढच्या वर्षी एचआयव्हीचं निदान झालं. तरी १९९१मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँट्रोच्या स्टुडिओत अंगात बळ असेल त्या दिवशी येऊन तो गात होता. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला, पंचेचाळिसाव्या वर्षी गेला. मला अजून चुटपुट वाटते.

आजीने ज्येष्ठमधाच्या काड्या दिल्यात, पार्सलमध्ये आहेत. घशाला बरं वाटेल, पण गिळलेली कुठलीच गोष्ट स्वरतंतूंना लागत नाही. लागली तर ठसकाच बसेल. त्यामुळे पाणी दिवसभर थोडं थोडं पी, ऐन वेळी बाटलीभर नको. आणि रात्री जेवण व झोप यांत तीन तास ठेव, आम्ल वर आलं तर सकाळी आवाज जड होतो.

गाण्यांची यादी मला पाठव. प्रत्येकासमोर पट्टी आणि त्यातला सगळ्यात वरचा सूर लिही. दोन अवघड गाणी शेजारी आली असतील तर मध्ये गिटारवाल्याचं एखादं गाणं घालू.

तुझा,
बाबा